दही बघायच्या सत्तावन्न फेऱ्या

रेवती कणसे हिचं मन त्या सोमवारी चारशे बारा वेळा कामावरून उठलं, आणि त्यातल्या सत्तावन्न वेळा ते फ्रीजमध्ये दही आहे का हे बघायला गेलं होतं.

हा आकडा कुणा शेजारणीने काढलेला नव्हता, जरी तेवढा हिशेब ठेवणाऱ्या शेजारणी साताऱ्यात आहेत. तो काढला होता रेवतीच्या उजव्या कानामागे चिकटवलेल्या, शर्टाच्या बटणाएवढ्या चकतीने. चकतीचं नाव निवळी. गढूळ पाण्याच्या माठात निवळीचं बी उगाळून घातलं की गाळ तळाशी बसतो. यंत्राचं बारसं करणाऱ्याने एवढा विचार केला होता. गाळ तळाशी बसतो म्हणजे तो माठातच राहतो, हा विचार त्याने केला होता की नाही, कोण जाणे.

पहिले दहा दिवस निवळी काही करत नाही, नुसती मोजते. मन हातातल्या कामावरून सुटून कुठे खेचलं जातं, त्या प्रत्येक खेचण्याला ती 'ओढ' म्हणते. संध्याकाळी फोनवर यादी येते आणि ज्याचं मन त्याने प्रत्येक ओढीला नाव द्यायचं. रेवतीने दिलेली नावं अशी होती: विजेचं बिल. पडद्याची निसटलेली कडी. शाळेत असताना एका मैत्रिणीला तोडून बोलले होते ते. दही.

"दही?" आतल्या खोलीतून यशोधनने विचारलं. यादी त्यालाही वाचून दाखवावी लागायची. "सत्तावन्न वेळा? ताई, म्हैससुद्धा दह्याची एवढी चौकशी करत नसेल."

"हं," रेवती म्हणाली.

यशोधन तिचा धाकटा भाऊ. पंधरा वर्षं तो कुस्तीच्या मैदानांवर समालोचन करायचा. कुठल्याही गावच्या जत्रेत त्याचा आवाज कर्ण्यांवरून दोन मैल जायचा. सहा वर्षांपूर्वी असंच एक मैदान आटोपून येताना त्याची मोटारसायकल दुभाजकावर चढली. मानेखालचं शरीर गेलं, खांदे थोडे हलायचे, बोटं नाही. आवाज मात्र तसूभरही कमी झाला नाही. मैदान उरलं नव्हतं, म्हणून तो घराचं समालोचन करायचा.

"आणि रेवती कणसे खुर्चीतून उठलेल्या आहेत. वजन… वजन सांगत नाही, मला या घरात राहायचंय. स्वयंपाकघराच्या दिशेने आगेकूच. वाटेत थांबल्या. भावाकडे बघितलं. भाऊ देखणा आहे. पुन्हा आगेकूच."

"हं."

हा हुंकार त्या घराचा जुना रिवाज होता. लहानपणी यशोधन रचून रचून गोष्टी सांगायचा आणि रेवतीने हुंकार दिला नाही तर तिथेच थांबायचा. मग रुसायचा. पस्तीस वर्षांत तिने किती हुंकार दिले असतील याची नोंद कुठे नाही. निवळी येईपर्यंत नव्हती.

रेवतीचं काम होतं मोडी वाचायचं. जुनी कागदपत्रं आता यंत्रंच वाचतात, पण मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, हात न उचलता ओळच्या ओळ ओढत नेतात, आणि दोनशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या कारकुनाला घाई असली की यंत्र अडतं. असे अडलेले शब्द घरबसल्या वाचणारी माणसं जिल्ह्यात अकरा होती. त्यात रेवती सगळ्यांत हुशार आणि सगळ्यांत मागे. अडलेला शब्द तिला बघताक्षणी लागायचा, पण बघायला ती जागेवर नसायची. एक शब्द उघडायची, मध्येच विजेचं बिल आठवायचं, बिलाला उठली की पडद्याची कडी दिसायची, कडी बसवायला स्टूल आणायला गेली की दही. परत येईपर्यंत शब्द थंड झालेला. काम देणाऱ्या सरकारी दप्तराकडून दोन सूचना येऊन गेल्या होत्या. तिसरीनंतर काम काढून घेणार होते.

काम गेलं तर बाहेर नोकरी. बाहेर नोकरी म्हणजे यशोधनला दिवसभर बघायला कोणी नाही. मग पुण्याजवळची ती संस्था, जिथे एका ओळीत बावीस खाटा होत्या आणि बावीसही माणसं छताकडे बघत होती. दोघं एकदा जाऊन आले होते. परतताना गाडीत यशोधन पहिल्यांदाच काही बोलला नव्हता.

"तिथे समालोचनाला वाव नाही," घरी आल्यावर एवढंच म्हणाला. निवळी लावून घे, हा हट्टही त्याचाच.

अकराव्या दिवशी डॉक्टर बर्गे घरी आल्या. पन्नाशीच्या, नीटनेटक्या, आपल्या यंत्राबद्दल बढाई न मारणाऱ्या. बाहेरच्या खोलीत, रेवतीच्या टेबलाशेजारी बसल्या. ताक तिथेच आलं, पाणी तिथेच आलं. स्वयंपाकघराकडे त्या गेल्या नाहीत. पाहुण्याने जाऊही नये. पहिल्यांदा घरी आलेलं माणूस चुलीपर्यंत जात नाही, हे डॉक्टरांना त्यांच्या आईने शिकवलं होतं. आतल्या खोलीतला यशोधन आवाजाने बैठकीत हजर होता.

"एकेक ओढ बघू," डॉक्टर म्हणाल्या. "मन थकतं ते कामाने नाही, रेवतीताई. अर्धवट राहिलेल्या गोष्टी एकाच वेळी हाका मारतात, त्या गलक्याने थकतं. ज्या हाकांचा उपयोग नाही, त्या निवळी शांत करते. विसरायला लावत नाही. फक्त मनापर्यंत पोचू देत नाही. विजेचं बिल?"

"शांत करा."

"मैत्रीण?"

रेवती थोडी थांबली. "शांत करा."

"दही?"

"तेच आधी करा. मला लाज वाटते."

डॉक्टर हसल्या. बोट टेकवलं, दही शांत झालं.

"आता आवाज. कोणाचे आवाज नेहमी आत येऊ द्यायचे?"

"माझा नको," आतून आवाज आला. "मी दिवसभर बोलतो. माझा आवाज आत सोडला तर त्या दोनशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाला न्याय मिळायचा नाही."

"असं कसं, यशा? काही लागलं तर?"

"एखादा शब्द ठरवता येतो," डॉक्टर म्हणाल्या. "तो शब्द उच्चारला की यांची निवळी तेवढ्यापुरती बंद होईल आणि घरातलं यंत्र रुग्णवाहिकाही बोलावेल."

"चितपट," यशोधन लगेच म्हणाला. "पण आधी सांगून ठेवतो, दोन्ही खांदे मातीला टेकल्याशिवाय मी चितपट म्हणत नाही. पंधरा वर्षांत एकदाही आधी म्हटलेलं नाही. बाकीचे म्हणतात आणि तोंडावर आपटतात."

शब्द ठरला. उठता उठता डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. "सवयीची उत्तरं आपण अडवत नाही. तुमचा हा हुंकार आहे ना, तो अडवला तर मन उलट जास्त ताणतं. तो चालू राहील. जिभेवरच होईल, मनाला त्याचा पत्ता लागणार नाही."

"म्हणजे लग्न झालेल्या माणसांसारखं," यशोधन म्हणाला, आणि तिघंही हसली.

निवळी सुरू झाली त्या दिवशी रेवतीने सकाळी नऊला टेबलाशी बसून पहिला शब्द उघडला आणि मान वर केली तेव्हा अकरा वाजले होते. सव्वीस शब्द झाले होते. तिने आधी घड्याळ तपासलं, मग शब्द तपासले, मग तिला रडू आलं. आपल्या डोक्यात इतकी जागा आहे हे तिला त्रेचाळिसाव्या वर्षी कळत होतं. सगळा गलका थांबला होता. काठावर बसून तळ दिसावा तसा प्रत्येक शब्द दिसत होता.

यशोधनची देखभाल घड्याळावर बसवली. सकाळ-संध्याकाळ परिचारिका यायची. अकरा, एक, तीन आणि पाच या वेळांना निवळी रेवतीला उठवायची. ती जाऊन त्याची कूस बदलायची, पाणी पाजायची आणि लघवीची नळी बघायची.

ही नळी महत्त्वाची. मांडीखाली दुमडली तर यशोधनला दुखायचं नाही, कारण तिथलं काही त्याला कळतच नव्हतं. पण तुंबलेलं शरीर खालून ओरडत राहायचं, वर कोणी ऐकत नाही म्हणून आणखी ओरडायचं, आणि रक्तदाब भडकायचा. कपाळावर घाम यायचा, डोकं ठणकायचं. नळी सरळ केली की पाच मिनिटांत माणूस ठीक. पूर्वी असं दोन-तीनदा झालं होतं आणि दर वेळी रेवतीचं योगायोगाने लक्ष गेलं होतं. योगायोगाने, असं तीच म्हणायची. रक्तदाब मोजणारी एक पट्टीही होती, पण ती दर तासाला उगाच किंचाळायची. पंचापेक्षा जास्त शिट्ट्या मारते, म्हणून यशोधनने ती काढायला लावली होती.

सात आठवड्यांत रेवती अकरा जणांत पहिली आली. दप्तराने तिसऱ्या सूचनेऐवजी अभिनंदनाचं पत्र पाठवलं. यशोधनने ते पत्र चार वेळा वाचून घेतलं आणि पाचव्यांदा स्वतःच मोठ्याने म्हटलं, जसं काही रेवतीने मैदान मारलं होतं.

"ताई, एक सांगू? तू हल्ली हसून बोलतेस. पण दारातून डोकावत नाहीस."

"तीनला येते की."

"येतेस. वेळेवर येतेस. परिचारिकाही वेळेवर येते." मग त्यानेच सावरून घेतलं. "जा, बस कामाला. मी आपला भिंतीला हुंकार मागतो."

"हं," ती म्हणाली, आणि बसली.

तो गुरुवार होता. तीनला तिने कूस बदलली, नळी बघितली. नळी सरळ होती. कूस बदलल्यावर यशोधनचा पाय घसरला असावा. पाचला निवळीने उठवलं तेव्हा रेवतीचे एकोणीस शब्द झाले होते. त्यातला शेवटचा एका विहिरीच्या हद्दीचा होता, यंत्राला दोन वर्षं अडलेला. ती आनंदाने उठली आणि भावाला ते सांगायला आत गेली.

मेंदूत रक्तस्राव, असं नंतर कागदावर आलं.

पुढच्या तेरा दिवसांत रेवतीचं फार कौतुक झालं. तिने कुणालाही सांभाळायला लावलं नाही. आलेल्यांना पाणी दिलं, गेलेल्यांच्या चपला ओळखून दिल्या, कोणाला किती वाजताची बस आहे हे तिच्या लक्षात राहिलं. "काय धीराची बाई," लोक जिन्यात म्हणत होते. एक मामेबहीण म्हणाली, "सुटली बिचारी," आणि शेजारणीने तिला कोपराने ढोसलं. चौदाव्या दिवशी सकाळी नऊला रेवती टेबलाशी बसली. चोवीस शब्द झाले.

त्याच दुपारी डॉक्टर बर्गे आल्या. त्यांच्याकडे दोन गोष्टी होत्या. ठरलेल्या शब्दासाठी जागं असणारं घरातलं यंत्र बाकीचं बोलणंही साठवून ठेवतं, ते त्या गुरुवारचं रेकॉर्डिंग होतं. आणि रेवतीच्या ओढींची यादी होती.

"हे ऐकायलाच हवं असं नाही," डॉक्टर म्हणाल्या.

"लावा की. मला साडेतीनला बसायचंय."

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं आणि रेकॉर्डिंग लावलं.

तीन एकावन्न. "ताई, नळी बघ गं जरा. डोकं धरलंय."

"हं."

तीन चोपन्न. "ये की."

"हं."

"अगं, घाम आलाय मला."

"हं."

तीन अठ्ठावन्न. "रेवती कणसे खुर्चीतून उठण्याच्या तयारीत. उठतायत. उठतील. प्रेक्षकांनी धीर धरावा."

"हं."

मध्ये थोडा वेळ नुसता श्वास. चार वाजून सहा मिनिटं. "ताई, दिवा बंद कर ना, डोळ्यांत जातोय." त्या खोलीत दिवा लावलेला नव्हता.

"हं."

"मोठा शब्द लागलाय वाटतं हाताला. बरं. होऊ दे तेवढा."

"हं."

मग त्याचं बोलणं जड होत गेलं. "ताई," एवढंच तीनदा आलं, आणि तिन्ही वेळा उत्तर मिळालं. सगळे मिळून अकरा हुंकार होते. शेवटचे दोन आले तेव्हा कोणी हाक मारलेली नव्हती.

रेवतीने मान डोलावली, एखादं पान तपासून झाल्यावर डोलवावी तशी.

"त्यांनी चितपट का म्हटलं नाही?" डॉक्टरांनी विचारलं. हा प्रश्न त्यांना दोन दिवस झोपू देत नव्हता.

"कशाला म्हणेल? मी हं म्हणत होते ना," रेवती शांतपणे म्हणाली. "माणूस येतंय म्हटल्यावर कुस्ती संपली असं कसं सांगणार? तो आधी कधीच सांगत नाही."

तिचा आवाज स्वच्छ होता. तळ दिसत होता. डॉक्टरांनी फोनवर यादी उघडून तिच्यापुढे धरली. त्या गुरुवारपासून एक नवी ओढ होती, दिवसाला नऊ तासांची. इतकी मोठी ओढ त्यांनी कुठल्याच यादीत पाहिली नव्हती. नावाच्या जागी काही नव्हतं, आणि पुढे यंत्राने आपणहून लिहिलं होतं: उपयोग नाही, शांत केली.

"रेवतीताई, निवळी काढू या."

"काढली की दुखेल?"

"हो."

"किती?"

"मला मोजता येतं. आधी सांगता येत नाही."

रेवतीने टेबलाकडे बघितलं. उघडा शब्द तिथे तसाच होता. तिने केस बाजूला करून कान पुढे केला.

चकती निघाल्यावर पहिली तीन-चार मिनिटं काही झालं नाही. विजेचं बिल आलं असावं, पडद्याची कडी आली असावी. तिची नजर इकडेतिकडे गेली. मग ती खुर्चीतून अर्धवट उठली, आतल्या दाराकडे वळली आणि तिथेच खाली बसली. जो आवाज तिच्या तोंडून निघाला तो हुंकार नव्हता. खालच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात आल्या आणि बंद दाराशी उभ्या राहिल्या.

डॉक्टर पाणी आणायला धावल्या. त्या घरात त्या पहिल्यांदाच स्वयंपाकघराकडे जात होत्या. टेबलापासून फ्रीजपर्यंत अकरा पावलं होती. सहाव्या पावलाला उजव्या हाताला एक दार होतं, कायम उघडं राहावं म्हणून दोरीने कडीला बांधलेलं. दारातून खाट दिसत होती. उशीची जागा दिसत होती, आणि खाटेच्या कडेला पिशवीची आकडी, जिथून नळी खाली यायची. चालता चालता, मान जरा वळवली की सगळं एका नजरेत.

डॉक्टर सहाव्या पावलावर उभ्या राहिल्या. सत्तावन्न फेऱ्या. दिवसातून सत्तावन्न वेळा ही बाई या दारावरून जायची आणि तिला वाटायचं आपण दही बघायला चाललोय. तिच्या मनाने सहा वर्षं पहारा दिला होता आणि पहारेकऱ्याला नाव विचारलं तर त्याने खोटं सांगितलं होतं, कारण खरं त्यालाही माहीत नव्हतं. आणि आपण बाहेरच्या खोलीत, ताकाचा पेला हातात धरून, बोट टेकवलं होतं.

पाणी घेऊन त्या परत आल्या आणि पाहुण्यासारख्या खुर्चीवर न बसता रेवतीशेजारी जमिनीवर बसल्या.

"त्या दिवशी मी आत यायला हवं होतं," त्या म्हणाल्या. रेवतीने ते ऐकलं की नाही, कळलं नाही.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगता येतं. अडलेले शब्द एका बैठकीत सव्वीसवरून चारवर आले. दप्तराने तिसरी सूचना पाठवली आणि काम काढून घेतलं. आता बाहेर नोकरी करायला रेवतीला कोणतीच अडचण नव्हती. ती अजून गेलेली नाही.

डॉक्टरांच्या आग्रहावरून तिने निवळी पुन्हा लावली आहे, पण नुसती मोजायला, शांत करायला नाही. डॉक्टर दर शनिवारी येतात, सरळ स्वयंपाकघरात बसतात. मागच्या शनिवारी त्यांनी आठवड्याची यादी काढली. विजेचं बिल, रोज बारा वेळा. पडद्याची कडी, नऊ. मैत्रीण, चार.

"दही," डॉक्टर म्हणाल्या. "रोज सत्तावन्न. तेवढंच आहे, ताई. कमी झालेलं नाही."

रेवती ओट्याशी उभी होती. फ्रीज उघडा होता आणि दह्याचं भांडं जागेवर होतं. सहाव्या पावलावरचं दार अजून दोरीनेच बांधलेलं आहे, खाट मात्र परिचारिकेने नेऊन दुसऱ्या कुणाला दिली.

"या ओढीचं नाव बदलायचं का?" डॉक्टरांनी हळू विचारलं. "काय लिहू?"

बाहेर कुणीतरी रिक्षा वळवत होतं. ते थांबलं. घरात काहीच आवाज उरला नाही, आणि त्या शांततेत रेवतीने मान किंचित उजवीकडे कलवली, दूरचं ऐकू यावं म्हणून कलवतात तशी.

"हं," ती म्हणाली.

डॉक्टरांनी पेन टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं. निवळीने हुंकाराची वेळ नोंदवून ठेवली आहे, सेकंदासकट. तो त्यांच्या प्रश्नाला होता, की दुसऱ्या कुणी काही विचारलं होतं?